कुणाचं बोलणं तोडू नये

१

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. लहानपणी जेवायला बसली तरी एक पाय खुर्चीबाहेर. आता चाळिशी उलटली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, तरी एका जागी टेकणं म्हणून ठाऊक नाही. कामही तसंच मिळालं. हातात टॅब धरून इमारतीच्या इमारती पालथ्या घालायच्या, वायफाय कुठे पोचतं नि कुठे अडखळतं ते बघत हिंडायचं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, म्हणायचा की हिला पगार चालण्याचा मिळतो.

छताला चिकटवलेल्या पांढऱ्या थाळ्या तुम्हीही कुठे ना कुठे पाहिल्या असतील. त्यांना ॲक्सेस पॉइंट म्हणतात. भिंगरी सरळ थाळ्याच म्हणायची. शेजारच्या दोन थाळ्या एकाच चॅनलवर ठेवल्या की त्या एकमेकींना ऐकू येतात, आणि थाळीची जात मोठी सभ्य. दुसरी बोलतेय म्हटल्यावर ही तोंड मिटून बसते, तिचं होईपर्यंत थांबते. सगळ्याच एका चॅनलवर कोंबल्या तर अर्धा दिवस ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करण्यातच जातो आणि काम कुणाचंच होत नाही. उपाय साधा आहे. शेजारणींना वेगळे चॅनल द्यायचे, आणि प्रत्येकीचा आवाज, म्हणजे लहरींचा जोर, भिंतीपलीकडे जाणार नाही इतका खाली आणायचा.

हे तिला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं, कारण ती आप्पांच्या घरात वाढली होती. तिचे वडील, आप्पा, न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार बोलो, वकील बोलो, ते सगळं खुणांच्या लिपीत टिपायचं. दोघे एकदम बोलायला लागले की आप्पा पेन्सिल वर उचलायचे आणि भले भले वकील गप्प व्हायचे. घरीही तोच कायदा. मिठाची डबी ज्याच्यापुढे, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी जेवायचं. कुणाचं बोलणं तोडू नये, हे त्या घरात हात धुण्याच्याही आधी शिकवलेलं. बोलणाऱ्याचं संपलं की आप्पा बोटाने टेबलावर एक आडवी रेघ ओढायचे आणि डबी पुढच्याकडे सरकवायचे. दादा मुद्दाम लांबण लावायचा आणि भिंगरीच्या पोटात शब्द नुसते उकळत राहायचे.

२

आई गेल्यावर आप्पा आपणहून वृद्धनिवासात राहायला गेले. छातीचं दुखणं होतं, आणि “तुझ्या घरी येऊन करू काय, तू घरात असतेस कुठे?” हे त्यांचं म्हणणं होतं. ते खरं होतं म्हणूनच तिला जास्त लागलं.

तिथे प्रत्येकाच्या गळ्यात एक लहानशी बेल असायची. बटण दाबलं की ती वायफायवरून तिथल्या मुख्य परिचारिकेच्या, मोठ्या सिस्टरांच्या, टेबलावर वाजायची. वाजायची म्हणजे, तिच्या मनात आलं तर.

“तुमचा धंदाच आहे ना हा?” मोठ्या सिस्टरांनी तिला एकदा जिन्यातच गाठलं. “मग घरच्या माणसासाठी तरी बघा. परवा आप्पांच्या छातीत कळ आली, त्यांनी बटण दाबलं. बेल वाजली तेव्हा मी त्यांना औषध देऊन परत टेबलाशी आले होते. सहज खोलीत डोकावले म्हणून निभावलं.”

 दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शिडी घेऊन हजर झाली, आणि आधी आप्पांच्या खोलीत गेली.

“शिडी?” आप्पा म्हणाले. “मला इतक्यात वर पाठवायचा विचार आहे काय?”

“तुमची बेल सुधारायला आलेय.”

“सुधार बाई. त्या बेलीपेक्षा माझी हाक आधी पोचते. काल मी—”

आणि आप्पा थांबले. शब्द आठवत नाही म्हणून माणूस थांबतो, तसे नाही. समोरच्याने तोंड उघडलं आणि त्याला मान देऊन आपण थांबावं, तसे. मान जराशी कललेली, चेहऱ्यावर जुनी न्यायालयातली अदब. मांडीवरच्या पांघरुणावर त्यांच्या उजव्या हाताचं बोट फिरत होतं. बारीक वळणं, ठिपका, पुन्हा वळण.

“आप्पा?” ती म्हणाली, तसं बोट जागच्या जागी थांबलं.

“—काल मी हाक मारली, तर समोरच्या खोलीतले शिंपीकाका उठून आले,” आप्पांनी वाक्य सोडलं होतं तिथूनच उचललं.

“मध्येच गप्प का झालात?”

“कुठे? मी?” ते हसले. “जा, तुझं काम कर.”

वय झालं, तिने स्वतःला सांगितलं. तोपर्यंत तिचे पाय कॉरिडॉरमध्ये पोचलेसुद्धा होते.

३

थाळ्या कुणा महाभागाने बसवल्या होत्या देव जाणे. सगळ्या एकाच चॅनलवर, आणि सगळ्यांचा आवाज टिपेला. बेल उशिरा वाजायचं कारण तिला दारातच सापडलं. तिच्या टॅबवर एक पट्टी होती. चॅनलवर कुणी बोलत असलं की ती लाल व्हायची, चॅनल मोकळा असला की हिरवी. इथे हिरवा रंग औषधालाही नव्हता.

पण त्या लाल रंगात एक वाटा थाळ्यांचा नव्हता. थाळ्या गप्प झाल्या की दुसरं कुणीतरी बोलायला लागायचं. त्याला नाव नव्हतं. त्यात नवल काहीच नाही, बिननावाची यंत्रं दर इमारतीत निघतात. ती स्वयंपाकघरात गेली आणि मायक्रोवेव्ह बंद करायला लावला.

“जेवायला उशीर झाला तर तुमचं नाव सांगते हं,” स्वयंपाकीणबाई म्हणाल्या.

मायक्रोवेव्ह बंद झाला, ते मात्र चालूच राहिलं. ऑफिसातला बिनतारी फोन काढून पाहिला, रस्त्याकडच्या भिंतीला टॅब लावून पाहिला, बागेत जाऊन पाहिलं. एखादी वस्तू बोलत असेल तर जवळ गेल्यावर तिचा जोर वाढतो, लांब गेल्यावर उतरतो. याचा जोर प्रत्येक खोलीत सारखाच होता. इमारतीबाहेर पाऊल टाकलं की काहीच नाही.

आणि ते थांबत होतं, हे तिला सगळ्यात खटकलं. मायक्रोवेव्ह कुणासाठी थांबत नाही. तो आपला आडमुठ्यासारखा सगळ्यांच्या अंगावरून बोलत सुटतो. हे मात्र एखादी थाळी बोलायला लागली की लगेच गप्प व्हायचं, तिचं संपेपर्यंत वाट बघायचं, आणि मग पुन्हा सुरू करायचं. पुन्हा कुणीतरी तोडायचं. एवढ्या गोंगाटात बिचाऱ्याचं एकही बोलणं पुरं होत नव्हतं.

बिचाऱ्याचं, असं आपण मनात म्हटलं, हे लक्षात येऊन ती थोडी चपापली. मग तिने खांदे उडवले. आपलं काम आपल्या थाळ्या शिस्तीत लावायचं. बाकी जगात कोण काय बोलतं ते बघत बसलं तर जन्म पुरायचा नाही.

४

बागेकडची बाजू तिने आधी घेतली. शेजारच्या थाळ्यांना वेगवेगळे चॅनल दिले, आवाज खाली आणले. पट्टीवर हिरवा रंग दिसायला लागला तसा तिचा जीव हलका झाला. शेवटची थाळी शिंपीकाकांच्या खोलीत होती. काकांना अलीकडेच या बाजूला हलवलं होतं, बाग दिसते म्हणून. शिडी लागलेली बघून त्यांना बोलायला माणूस मिळालं.

“जन्मभर लोकांची मापं घेतली, आता रोज डॉक्टर माझं घेतो,” काका म्हणाले. “तुला एक गंमत सांगतो. एकदा एका नवऱ्यामुलाचा कोट शिवला. गडी ऐन मुहूर्ताला अंगात घालायला गेला, तर कोटाला—”

काका थांबले. सुई धरल्यासारखी चिमूट तशीच हवेत, मान तशीच कललेली. भिंगरीने शिडीवरूनच टॅबकडे पाहिलं. पट्टी लाल होती. थाळी तिने नुकतीच बंद केली होती. बोलत होतं ते दुसरंच, आणि ते बराच वेळ बोलत राहिलं.

पट्टी हिरवी झाली.

“—कोटाला एकच बाही,” काका म्हणाले आणि स्वतःच खोखो हसले.

ती उशिरा हसली. योगायोग असणार. पण तिचा स्वभाव स्वस्थ बसू देईल तर ना. शिडीवर उगीचच रेंगाळत तिने काकांना दुसरी गोष्ट सांगायला लावली. पट्टी लाल झाली की काका थांबत, हिरवी झाली की पुढे बोलत. एकदा ते असेच थांबले असताना तिला खोकला आला. त्याच क्षणी पट्टी हिरवी झाली. काकांनी वाक्य पुरं केलं.

आपल्या खोकल्यासाठी चॅनलवर कुणी थांबत नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. खोकला हवेत असतो, चॅनल वेगळीच गोष्ट असते. ती शिडीवरून उतरली, तळहात पुसले आणि स्वतःला दटावलं की सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून हे असं दिसतंय.

दुपारी तिने रस्त्याकडची, आप्पांची बाजूही उरकली. काम अर्धं टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. मोठ्या सिस्टरांनी खोल्याखोल्यांतून बटणं दाबून पाहिली आणि बेल दर वेळी टणकन वाजली. एरवी कुणाचं कौतुक न करणाऱ्या त्या बाईने तिला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

निघताना आप्पा म्हणाले, “छान केलंस हं. आता कसं अगदी स्पष्ट येतंय.”

टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल म्हणत असतील, असं तिने धरलं. टीव्ही बंद होता, हे तिला घराच्या जिन्यात आठवलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टरांचा फोन आला. आप्पांना काही झालं नव्हतं. शिंपीकाका गेले होते.

“चहा घेत होते,” सिस्टर म्हणाल्या. “कप हातात. बराच वेळ कुणाचं तरी ऐकत असावेत तसे बसले होते, मी दारातून पाहिलं. मग ‘बरं’ म्हणाले. कप बशीत नीट ठेवला, आणि संपलं. इतकं सोपं मरण मी पाहिलेलं नाही.”

“बेल दाबली नाही?”

“नाही ना. बेल चांगली आहे हो तुमची. त्यांनी दाबलीच नाही.”

भिंगरी कशी पोचली ते तिलाच कळलं नाही. आप्पा खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि पांघरुणावर बोट चालू होतं. काल ते थोडं फिरून थांबायचं. आज ते थांबत नव्हतं. ओळीमागून ओळ भरत होतं.

“आप्पा,” ती मोठ्याने म्हणाली. बोट थांबलं. “कोण बोलतंय तुमच्याशी?”

त्यांनी लपवाछपवी केली नाही. “कोण ते मी विचारलं नाही. टिपणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात.”

“म्हणतं तरी काय?”

“पुरं झाल्याशिवाय कसं सांगू? अर्धं वाक्य वाचून दाखवायचं नसतं, भिंगरे. इतके दिवस नुसते तुकडे यायचे. त्याने सुरू केलं की कुणीतरी तोडायचं, तेही बिचारं पुन्हा पहिल्यापासून. आता तुझ्यामुळे सलग येतंय. थोडंच राहिलंय.”

शिंपीकाकांचं ऐकणं पुरं झालं, तेव्हाच ते ‘बरं’ म्हणाले होते. त्या महाभागाने सगळ्या थाळ्या एका चॅनलवर कोंबून केलेला तो गोंधळ, तो गोंगाट, त्यामुळेच आजवर इथे कुणाची रेघ ओढली गेली नव्हती. काल तिने चॅनल मोकळा करून दिला होता. स्वतःच्या हाताने, आणि काम चांगलं झालं म्हणून वर चहाही प्यायली होती.

“उठा,” ती म्हणाली. “माझ्या घरी चला. आत्ता.”

“बोलणं चालू असताना उठून जायचं?” आप्पांना खरोखर वाईट वाटलं. “हेच शिकवलं का मी तुला?”

६

तिने दादाला फोन लावला. “गाडी घेऊन ये, आप्पांना उचलून न्यायचंय. काय, कसं, ते आल्यावर सांगते.” दादा दुसऱ्या गावी होता. दुपारपर्यंत पोचतो म्हणाला, आणि काही विचारलं नाही, कारण ती त्याच्याशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती.

मग ती टॅब उघडून बसली आणि आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. इमारतीतल्या सगळ्या थाळ्या एकाच चॅनलवर आणल्या. आवाज टिपेला नेले. वृद्धनिवासातले सगळे टीव्ही लावले, कुणी बघो न बघो.

मोठ्या सिस्टर तरातरा आल्या. “काय चाललंय? बेल पुन्हा मेली.”

“आजचा दिवस द्या मला. तुम्ही हाताखालच्या सगळ्या मुली घेऊन खोल्यांतून चकरा मारत राहा. जमलं तर प्रत्येकाशी बोलत राहा.”

“अहो, काल देवासारखं चालत होतं—”

“सिस्टर, हात जोडते.”

सिस्टरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कुणास ठाऊक, पण त्या वळून खोल्यांकडे गेल्या.

पट्टी लालभडक झाली. आप्पांचं बोट अडखळलं, थांबलं. भिंगरीने श्वास सोडला. आणि बोट पुन्हा चालायला लागलं. हळू, पण चालायला लागलं.

तिच्या लक्षात आलं. सगळ्या एका चॅनलवर आल्या की थाळ्या एकमेकींसाठी गप्प बसतात. आधी तुम्ही, आधी तुम्ही. त्या मानापमानात मध्येच फटी पडतात, आणि ज्याला जन्मभराचा धीर आहे त्याला फट पुरते. काल सलग आलेलं आप्पांनी पुरं टिपलं होतं, ते आता पुन्हा पहिल्यापासून सांगायची गरज नव्हती. उरलेलं थोडंसं फटीफटीतून येत होतं.

मग तिला तो खोकला आठवला.

७

ती खुर्ची ओढून आप्पांच्या समोर बसली आणि बोलायला लागली. तोंडाला येईल ते बोलली. शाळेत फोडलेली बरणी, दादाने तिच्यावर ढकललेला आळ, आईच्या हातची आमटी, जिन्यातला दिवा कसा कायम जातो. आप्पा मध्येच काही म्हणायला जायचे तर त्यांच्यावरूनही ती बोलत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांचं बोलणं तोडत होती. आप्पांच्या कपाळाला आठी पडली, पण बोट थांबलेलं होतं.

“भिंगरे, जरा थांब, मला—”

“नाही थांबत. ऐका माझं. इतकी वर्षं डबी माझ्यापुढे आली की दादाने सगळा वेळ खाल्लेला असायचा, सगळ्यांची जेवणं उरकलेली असायची. माझं सगळं तसंच राहिलंय, आप्पा. ते आज ऐका. तुम्हाला इथे ठेवलं ना, मला ते आवडलेलं नाही. तुम्ही स्वतः गेलात असं मी लोकांना सांगते. तुम्ही गेलात कारण मी थांबा म्हटलं नाही.”

आप्पांचे डोळे भरून आले. तिचेही आले, तरी ती बोलत राहिली. घसा चिरला, आवाज घोगरा झाला. पाण्याचा पेला समोर होता, पण घोट घ्यायला थांबावं लागलं असतं. पाय जमिनीवर नुसते नाचत होते. ती एकेक वस्तू बघून तिचं नाव घ्यायला लागली. खिडकी. पडदा. औषधाची बाटली. पडद्याच्या कड्या. बोलणं संपलं की कड्याच मोजू, तिने ठरवलं.

तेवढ्यात बाहेर धावती पावलं वाजली. दार उघडलं. दादा, धापा टाकत, हातात गाडीची किल्ली.

“भिंगरी, मी—” दादा म्हणाला.

“दादा, आधी—” ती म्हणाली.

दोघे एकदमच बोलले. आणि जन्माची सवय, दोघे एकदमच थांबले. ती त्याच्यासाठी, तो तिच्यासाठी. दादाने हाताने खूण केली, तू बोल. तिनेही त्याच वेळी मानेने खूण केली, तू बोल. एवढंच. डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ.

पांघरुणावर आप्पांचं बोट चालत शेवटपर्यंत गेलं. मग आडवं झालं, आणि त्याने एक सरळ रेघ ओढली.

“बरं,” आप्पा कुणाला तरी म्हणाले. दादाला नाही, तिलाही नाही.

मग टेबलावरून काहीतरी सरकवावं तसा त्यांनी हात हळूच पुढे सरकवला, मिठाची डबी सरकवायचे तसा, आणि तो भिंगरीच्या समोर आणून ठेवला. हात तिथेच राहिला.

बोलायची पाळी आता तिची होती. दादा वाट बघत होता, आणि तिला एक शब्द सुचेना.